चोरश्वास

१६ जून

ताई,

नमस्कार लिहायचा होता, पण मी अजून रागावलेली आहे, तेव्हा तो शेवटी बघू.

मोबाइलवर तुला निरोप पाठवणं मी बंद केलंय. तिथे दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे तू वाचलेलं असतं, आणि मग काहीच येत नाही. कागदाचं बरं असतं. तू पत्र वाचलंस की न वाचता केराच्या डब्यात टाकलंस, हे कागद मला सांगायला येत नाही. हवं ते समजायला मी मोकळी.

तुझ्या लेकाने तुझी चिठ्ठी पोचवली होती. ‘गाण्यातलं काही मला कळवू नकोस.’ बरं, नाही कळवत. घशाच्या ऑपरेशनात आवाज तुझा गेला, तेव्हा नियमही तूच करणार. पण जन्मभर मुलांना गाणं शिकवण्यापलीकडे काही न केलेल्या बाईने बहिणीला लिहायचं तरी काय? हवापाणी?

हवापाणी ठीक आहे. मानेवरच्या छिद्राची जाळी रोज बदलतेस ना? श्वास आता तिथूनच घ्यायचा आहे, धूळ जाता कामा नये. हे मी सांगितलेलं तुला आवडणार नाही, हेही मला ठाऊक आहे. इस्पितळात डॉक्टरांनी ‘दुखतंय का?’ विचारलं आणि मी ‘थोडंसं’ म्हणाले, तर तू लिहायची पाटी माझ्याच अंगावर आपटलीस. त्यावर लिहिलं होतंस, ‘मी अजून आहे.’ आणि खाली, ‘तू जा.’ मी नसते बोलले तर डॉक्टर काय भिंतीला विचारणार होते? चूक कोणाची ते मी काढत नाही. काढली तर तुझी निघेल.

मी आले निघून. घरी आल्यावर कळलं की तिथे तुझ्या वाटचं बोलून बोलून मला सवय लागली होती. इथे माझ्या वाटचंही ऐकायला कोणी नाही.

— धाकटी


३ जुलै

ताई,

शाळेत नवीन भानगड आहे. त्यात गाणं आहे, पण मी तो शब्द वापरणार नाही. ‘घशाचा तास’ म्हणते. चालेल ना?

पाचवीच्या वर्गात मारामाऱ्या फार वाढल्या. एकीने दुसरीचं दप्तर दुसऱ्या मजल्यावरून खाली टाकलं, दुसरीने तिच्या बुटात डिंक ओतला. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, यांनी कुठेसं वाचलं की घशाच्या तासाने मुलांचा स्वभाव सुधारतो आणि ती सहकार्य शिकतात. झालं. मला बोलावलं आणि म्हणाल्या, “वार्षिक कार्यक्रमापर्यंत करून बघू. फरक पडला तर ठेवू, नाही तर तो तास गणिताला देऊ.” स्वभाव सुधारतो म्हणे. तू आणि मी लहानपणापासून एकत्र घसा खरवडला, आपला सुधारला का?

खोली मला जुन्या प्रयोगशाळेतली मिळाली आहे. नळ गळतो, उंच स्टुलं आहेत, आणि कीबोर्डची एक पट्टी दाबली की वर येत नाही. दप्तर फेकणारी आणि डिंक ओतणारी, दोघी पहिल्याच दिवशी हजर. दप्तरवालीला सगळे भोंगा म्हणतात. ती तोंड उघडते तेव्हा बाकीची मुलं नुसती उभी आहेत असं वाटतं. सूर पक्का आहे, पण दुसऱ्याचा तिच्या कानात शिरतच नाही. डिंकवालीला मी मनातल्या मनात पुटपुट म्हणते. तिचे ओठ हलतात, डोळे हलतात, भुवयासुद्धा हलतात, आवाज मात्र येत नाही. बुटात डिंक ओतणारी मुलगी अशी गप्पच असणार, नाही का. बोलता येत असतं तर ओतला कशाला असता?

आणखी एक. दोन रविवार झाले, संध्याकाळी घरातला जुना फोन वाजतो. उचलला की पलीकडे कोणी बोलत नाही. शाळेतल्याच कोणाचा तरी चावटपणा असणार. मी चांगली खरडपट्टी काढली आणि ठेवून दिला.

— धाकटी


२८ जुलै

ताई,

आज सोमवार. सोमवारी माझा पहिला सूर घोगरा लागतो. मुलांना वाटतं बाईंना सर्दी झाली. सर्दी नाही गं. शुक्रवारी दुपारी शाळा सुटते, त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत घसा वापरायचं कारणच पडत नाही. दुकानात वस्तू आपण उचलायची, पैसे यंत्रात भरायचे. भिंतीपलीकडचा टीव्ही दिवसभर भांडत असतो, मी मधूनमधून त्याला उत्तर देते. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं आहे. घर काही करत नाही. नुसतं बसून असतं, माझ्यासारखं.

मी आता नियम मोडणार आहे. राग आला तर पाटी आपट.

आपल्या मास्तरांनी बांधलेलं ते संध्याकाळचं गाणं मी घेतलंय. आई मुलाला अंगणातून घरी बोलावते, ते. त्याच्या शेवटच्या ‘ये’वर तुझीमाझी किती भांडणं झाली होती! त्याला कोणाच्याच बापाचा एक दम पुरत नाही. म्हणून मास्तरांनी आपल्याला चोरश्वास शिकवला. शेजारणीचा सूर चालू असताना आपण गुपचूप श्वास घ्यायचा, आणि तिने घेतला की आपण धरायचा. दोघींनी एकदम घेतला की सूर तुटतो आणि चोरी पकडली जाते. तू माझी करंगळी दाबायचीस. दाबली म्हणजे ‘मी धरलाय, तू घे.’ मला अजून करंगळीतूनच श्वास येतो असं वाटतं कधीकधी.

तर मी भोंगा आणि पुटपुट यांना शेजारी उभं केलं. दप्तर आणि डिंक एका रांगेत. मी सांगितलं, “शेजारीण गात असेल तेव्हाच आपण श्वास घ्यायचा. ती थांबली असेल तर नाही.”

भोंगा म्हणाली, “बाई, ही गातच नाही. मग मी काय मरू?”

पुटपुटने तिच्याकडे पाहिलं. इतकी खूश दिसली की मला हसू आवरेना.

— धाकटी


२१ ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर नाही, म्हणजे परवानगी आहे असं मी धरलंय. वकिलाची भाषा आहे, पण चालतंय.

सुरुवातीला भोंगा अर्ध्या ‘ये’वर लाल व्हायची, धापा टाकायची आणि पुटपुटला कोपर मारायची. मग एके दिवशी तिला कळलं की कोपराने माणूस गात नाही. ती खाली वाकून म्हणाली, “थोडंसं तरी म्हण गं. मला पुरेल तेवढंच.” आणि पुटपुटच्या तोंडून आवाज आला. बारीक, पण दोऱ्यासारखा सरळ. तो ऐकू यावा म्हणून भोंगाला आपला आवाज खाली आणावा लागला. जन्मात पहिल्यांदा तिला दुसऱ्या कोणाचा सूर ऐकू आला असेल. तिचा चेहरा असा झाला, जणू घरात आणखी एक खोली आहे हे आज कळलं.

त्या दिवशी बाकीच्यांनी आपण होऊन स्टुलं उचलून ठेवली. मला वाटलं, मोठ्या बाईंनी वाचलं ते अगदीच चुकीचं नसावं. त्यांना मात्र सांगितलं नाही. लगेच अहवाल लिहायला लावतील.

रविवारचे फोन चालूच आहेत. माझा संशय भोंगावर होता, म्हणून तिला बाजूला घेऊन विचारलं, तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “बाई, मी फोन केला तर गप्प बसेन का?” मी तिची माफी मागितली.

एक गोष्ट मात्र विचित्र आहे. चावट पोरं असली की खुसखुस ऐकू येते. निदान श्वास तरी ऐकू येतो. या फोनवर तोसुद्धा नाही. पलीकडे माणूस आहे हे कळतं, कारण मागे कुठेतरी भांडी वाजतात, दार लागतं. पण श्वास म्हणून नाही.

— धाकटी


१२ सप्टेंबर

ताई,

काल सकाळी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माझ्या मुलांनी ते गाणं म्हटलं. शेवटच्या ‘ये’वर भोंगा आधी लाल झाली, मग पांढरी झाली आणि मटकन खाली बसली.

तिला पाणी दिलं, पाय वर ठेवले, दोन मिनिटांत ती उठली. मोठ्या बाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, “मुलींना श्वास घेऊ देत नाही का तुम्ही?” मी भोंगाकडे वळले. भोंगाला विचारलं, “अगं, का नाही घेतलास श्वास?” तर म्हणाली, “पुटपुट आज आली नाही ना, बाई. तिची जागा रिकामी होती. मग मी कधी घेणार?”

(मी मनात ठेवलेलं नाव सगळ्या वर्गाला कळलेलं आहे, बरं का. मुलांपासून काही लपत नाही.)

पुटपुटला ताप होता, एवढंच. पण ताई, मी घरी येऊन किती वेळ चप्पलसुद्धा न काढता बसून होते. मी तिला एवढं शिकवलं की शेजारीण गात असेल तेव्हाच श्वास घे. शेजारीण नसली तर काय करायचं, ते शिकवलंच नाही. मला येत असतं तर शिकवलं असतं ना.

आज तास बंद होणार म्हणून मी तयारीतच गेले होते. खोलीत मुलं आधीच येऊन भांडत होती, पण दप्तरावरून नव्हे. उभं कसं राहायचं यावरून. भोंगाने ठरवलं होतं की प्रत्येकाला दोन शेजारी पाहिजेत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, आणि कडेच्यांनी मागच्या रांगेतल्याला ऐकायचं. “कोणी आलं नाही तर त्याच्या पलीकडचा हात पुढे करेल,” असं ती फळ्यावर चित्र काढून सांगत होती. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ते ऐकत होत्या. मग आपल्या खोलीकडे गेल्या. तास चालू आहे.

आणि रविवारच्या फोनचं. कालपासून श्वास, श्वास एवढंच डोक्यात घोळतंय, तेव्हा उलगडलं. फोनच्या तोंडाशी श्वास लागत नाही असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. नाव घेत नाही. त्याला फक्त सांग, मी जे काही तोंडाला येईल ते बोलले, ते त्याला नव्हतं. पोरांना होतं.

— धाकटी


६ ऑक्टोबर

ताई,

आता रविवारी मी संध्याकाळचा चहा फोनजवळ नेते. उचलते आणि आठवडाभराचं सांगते. मग फोन कानाशी तसाच धरून भाजी निवडते, शाळेचे कपडे घडी करते. काल तिकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला. म्हणजे तिथेही चहा झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चहा एकटीने घेतला नाही असं काल वाटलं.

कार्यक्रम २८ नोव्हेंबरला आहे, शुक्रवारी. पहिल्या रांगेत एक खुर्ची मी राखून ठेवणार आहे. गाडी सकाळी पोचते. हे कोणाला उद्देशून नाही. हवापाणी म्हणून सांगितलं.

— धाकटी


३ नोव्हेंबर

ताई,

तीन रविवार फोन नाही.

मी खुर्चीबद्दल लिहिलं म्हणून का? की तास, मुलं, गाणं याचा कंटाळा आला? मी पुन्हा तुझ्या वाटचं बोलून बसले असेन. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड तुला माहीत आहे. तुझ्या लेकाला विचारता येईल, पण त्याने ‘आई बरी आहे’ असं सांगितलं तर मग काय समजायचं? तू बरी असून फोन करत नाहीस, हे मला ऐकायचं नाही.

चहा मी पुन्हा ओट्यापाशीच उभ्याने पिते.

कधी वाटतं, नुसतं उचलून पाहावं, फोन चालू तरी आहे का. पण हात जात नाही. उचलला आणि चालू असला तर?

मला तुझी फार आठवण येते, ताई. एवढंच लिहायला बसले होते, बाकीचं उगीच वर चिकटलं.

— धाकटी


७ डिसेंबर, रविवार

ताई,

तुला आजचं सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. तू ऐकलंस, पण माझ्याकडे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. आणि मधलं तर तुला काहीच माहीत नाही.

कार्यक्रम चांगला झाला. पुटपुट मधोमध उभी होती, भोंगा तिच्या उजवीकडे. ऐनवेळी डावीकडच्या मुलाला ठसका लागला, तो थांबला, आणि त्याच्या पलीकडच्याने अलगद सूर उचलला. सभागृहात कोणालाच कळलं नाही. मला कळलं. ‘ये’ इतका लांब गेला की मोठ्या बाई कार्यक्रमपत्रिकेने वारा घ्यायच्या थांबल्या. तास कायमचा झाला आहे. मलाच सुधारायचं राहिलं, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण पाहिलं तसंच.

पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी राहिली. तीनदा लोक बसायला आले, तीनदा मी मंचावरून डोळे वटारले. नंतर सगळं आवरताना भोंगाने विचारलं, “बाई, ती खुर्ची कोणाची होती?”

मी म्हणाले, “माझ्या शेजारणीची. लहानपणी आम्ही शेजारी उभ्या राहायचो.”

तिने खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाली, “आणि ती आली नाही. मग तुम्ही श्वास कधी घेतलात?”

मी तिला पडदे गुंडाळायला पाठवलं. दुसरं काय करणार होते?

घरी आले, दिवा लावला आणि चप्पल पायात असतानाच फोन उचलला. फोन बंद होता. साधी घरघरसुद्धा नाही. ऑक्टोबरात शेजारच्या गल्लीत रस्ता खणत होते तेव्हाच तार तुटली असणार. मला पत्ता नव्हता, कारण त्या फोनवर तुझ्याशिवाय दुसरं कोणी करतच नाही. मी जमिनीवर बसून हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. भिंतीपलीकडच्यांनी टीव्ही बारीक केला.

तुझ्या लेकाला मोबाइलवर विचारलं. त्याचं उत्तर लगेच आलं. ‘मावशी, आई दर रविवारी फोन कानाला लावून बसते. नुसता वाजत राहतो असं लिहिते. तू उचलत नाहीस म्हणून पाटी आपटते.’ सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते तुझ्यासाठीच.

दुरुस्तीवाला आला तो काल दुपारी. तार जोडून म्हणाला, “कोणाला तरी लावून बघा, आजी.” मी म्हणाले, “उद्या येईल आपोआप.” आजी म्हटलेलं मी सोडून दिलं.

आणि आज तो वाजला.

मी ठरवलं होतं की आज काहीच बोलायचं नाही. भोंगाला आवाज खाली आणणं जमलं, तर मला गप्प बसणं का जमू नये? उचलून गप्प बसले. तूही गप्प. तुझ्याकडे भांडी वाजत होती, माझ्याकडे ओट्यावरचा नळ. किती छान होतं ते. मग माझ्या मनात आलं की कार्यक्रम तू ऐकला नाहीस. परवानगी मागितली नाही. तुझा नियम मोडून आता इतके दिवस झालेत, आणखी एकदा.

मी उभी राहिले. ते गाणं उभ्यानेच म्हणायचं असतं. एकटीने पहिल्या ओळीपासून म्हटलं, घोगऱ्या आवाजात, रविवार होता ना. शेवटच्या ‘ये’ला आले. तुला दिसलं नाही ते हे, की मी डोळे मिटले होते आणि डावा हात खाली सोडला होता, तू उभी राहायचीस त्या बाजूला. सूर धरला. धरला. दम संपत आला. आता तुटणार, हे मला कळत होतं. एकटीचा नेहमी तिथेच तुटतो.

तेव्हा तू फोनवर नख वाजवलंस. टक.

‘मी धरलाय, तू घे.’

मी श्वास घेतला, ताई. चांगला पोटभर घेतला. तारेवर त्या क्षणी कोणाचाच आवाज नव्हता, हे कोणीही शपथेवर सांगेल. पण सूर तुटला नाही. तुझ्या हाती होता तो. मी तो तुझ्याकडून परत घेतला आणि पुढे नेला. मग पुन्हा टक, आणि पुन्हा मी घेतला. मास्तर असते तर त्यांनाही चोरी कळली नसती.

राहिलेला नमस्कार आता घे.

पुढच्या रविवारी दुसरं गाणं म्हणू. आणि करंगळीचं नख कापू नकोस.

तुझी,
धाकटी